बोटांवर मोजत जयपूर गायकीपर्यंत

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकताना जांभई यावी, हे काही बरं नव्हे; पण माझं बरीच वर्षं तसंच होतं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. महाराज १९२२ मध्ये गेले, तोवर खाँसाहेबांचं बिऱ्हाड याच गावात होतं, आणि ज्या गायकीला आज जग जयपूर म्हणतं ती बरीचशी इथल्या हवापाण्यावर वाढली. खाँसाहेब नंतर मुंबईला गेले, पण धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ कोल्हापुरातच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर, वामनराव सडोलीकर, धोंडूताई कुलकर्णी ही त्यांच्याकडं शिकलेली मंडळी. देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेजवळ खाँसाहेबांचा पुतळा आहे. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. तिथून गावात जाताना पुतळ्यासमोरून किती वेळा स्कूटर गेली असेल, हिशेब नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की मी मोठ्या ऐटीत पुतळा दाखवायचो आणि मनात म्हणायचो, याला आता पुढचं काही विचारायची बुद्धी होऊ नये.

माझा कान नाट्यगीतावर पोसलेला. केशवराव भोसले नाट्यगृहात संगीत नाटक लागलं की वडील आम्हाला घेऊन जायचे, मध्यंतरात खासबागेत भेळ, आणि परत येऊन दुसरा अंक. हे नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलं, तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या सकाळी तिथं उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांनी आयुष्यात एक नाटक पाहिलं नसेल अशी माणसंही गप्प होती. असो. सांगायचं ते असं की नाट्यगृहातली ती पदं आणि घरी सांगली आकाशवाणीवर लागणारं नाट्यसंगीत, यावर मी वाढलो. नंतर कळलं की तिथंही जयपूरचं पाणी झिरपलेलं होतं. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे आमच्याच भागातले आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गाण्यावर जीव टाकणारे. 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या; त्यांनी इतर उस्तादांबरोबर अल्लादियाखाँसाहेबांचीही तालीम घेतलेली. म्हणजे मागच्या दारानं मी ते गाणं ऐकतच होतो. पुढच्या दारानं मात्र आत जाता येत नव्हतं.

त्याला मिरज कारणीभूत आहे, असं मी गमतीनं म्हणतो. कोल्हापुरातून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर दुसरंच राज्य सुरू होतं: किराणा घराण्याचं. अब्दुल करीमखाँसाहेब मिरजेचे झाले, १९३७ मध्ये गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. हिराबाई बडोदेकर मिरजेत जन्मल्या. सवाई गंधर्व करीमखाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजी सवाईंचे. तरुणपणी मी भीमसेनजींच्या कॅसेट अक्षरशः झिजवल्या. उरुसाला मिरजेत जाऊन दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली बसून गाणं ऐकायचं, हा आमच्या चार-पाच जणांचा नेम. तिथं गायक-वादक मानधनासाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात, आणि ऐकणाऱ्यांत तिकीट काढून आलेला असा कुणी नसतो. पलीकडं उरुसातले पाळणे आणि भोंगे चालू, लहान पोरं पिपाण्या वाजवत असतात, आणि त्यात कुणीतरी मारवा लावून बसलेलं असतं. शुद्ध शांतता मागणाऱ्याने तिकडं जाऊ नये. मला मात्र तिथला षड्ज, म्हणजे सा, भरलेल्या थिएटरातल्या षड्जापेक्षा जास्त लक्षात राहिला आहे.

किराणा गायकीत सुरांची बढत एकेका स्वरानं होते, ठेका फार संथ असतो. तबल्याकडं लक्ष नसलं तरी चालतं. सूर तुम्हाला धरून ठेवतो, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, परत आला की मान डोलते, पुन्हा सुरात बुडायचं. मी सगळंच गाणं तसंच ऐकत होतो. त्याच कानानं मल्लिकार्जुनांचं गाणं लावलं की पहिल्या पाच मिनिटांत दमायला व्हायचं. कुठं थांबतच नाहीत हे गृहस्थ! एका सुरावर जरा टेकू म्हणावं तर तोवर ते पुढच्या वळणाला.

लोक सांगायचे, किशोरीताईंपासून, म्हणजे किशोरी आमोणकरांपासून, सुरुवात करा. तशी केली. त्यांची भूपाची तबकडी, ज्यात 'सहेला रे' आहे, कुणाला आवडणार नाही? मलाही आवडली, आजही आवडते. पण जयपूर गायकी समजून घ्यायला त्या तबकडीनं मला मदत झाली नाही, उलट वाट लांबली. (यावर माझ्या दोन मित्रांनी बोलणं टाकलं होतं.) किशोरीताईंनी त्या गायकीतून स्वतःची वेगळी वाट काढली; सुराच्या भावाला त्यांनी दिलेलं स्थान मोठं आहे, पण माझ्यासारखा सुरावर भाळणारा माणूस त्यात पुन्हा सुरावरच भाळतो. मूळ घाट कसा होता ते त्याला कळत नाही.

वाट दाखवली ती मंगळवार पेठेतल्या तबल्याच्या मास्तरांनी. माझा मुलगा त्यांच्याकडं शिकायला जायचा, मी त्याला सोडायला. मुलगा दहावीला तबला सोडून क्रिकेटला लागला, मी मात्र जातच राहिलो. एकदा त्यांच्याकडं मन्सूरांचं गाणं चालू असताना मी रागाचं नाव विचारलं.

"राग कुठला ते सोड. सम कुठं हाय ते दाखव," मास्तर म्हणाले.

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथून ठेक्याची फेरी पुन्हा सुरू होते. मला दाखवता आली नाही. पुढं त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं: या घराण्याचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, फार विलंबित नसतो, आणि आलापसुद्धा लयीला सोडून होत नाही. प्रत्येक जागा मात्रेचा हात धरून चालते. ज्यानं ताल सोडला त्याचं गाणं सुटलं. "तू नुसता सुराकडं बघत बसतोस. हे गाणं चालतंय, बसलेलं नाही."

मग अभ्यास सुरू झाला. अभ्यास म्हणायला मोठा शब्द आहे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असतात तेव्हा फोनवर तबल्याचं ॲप लावायचं, तीनताल, सोळा मात्रा, आणि हातावर धरायचं: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्यावर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. मधल्या मात्रा बोटांच्या पेरांवर. खाली ओळखायची खूण मास्तरांनी दिली होती. 'धा धिं धिं धा' दोनदा झाल्यावर 'धा तिं तिं ता' येतं, तिथं डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमारा निघून जातो आणि तेराव्या मात्रेच्या सुमाराला परत येतो. घुमारा गेला की समजावं, अर्धं आवर्तन, म्हणजे तालाची अर्धी फेरी, झालं, आता समेची तयारी. वर्कशॉपमधला पोरगा दोन-चार दिवस बघत होता. शेवटी म्हणाला, "मालक, कुणाचं बिल ऱ्हायलंय?"

ठेका नुसता धरता यायला लागला, तरी गाण्याबरोबर धरणं वेगळंच. गाणं सुरू झालं की बोटं थांबायची, कारण लक्ष गाण्याकडं. बोटांकडं लक्ष दिलं की गाणं निसटायचं. इथं मला माझा धंदा कामाला आला. लेथवर आटे पाडताना टूल एकाच फेरीत पूर्ण आटे कापत नाही. पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं जावं लागतं, आणि दर वेळी डायलवरची खूण समोर आली की नेमक्या त्या क्षणी हाफ नट, म्हणजे टूल पुढं सरकवणारी पकड, लावायचा. जरा मागंपुढं झालं की आट्यावर आटा चढला, जॉब भंगारात. मुरलेला कारागीर डायलकडं टक लावून बसत नाही, बोलता बोलता लावतो. मी मनाशी म्हटलं, हे हाताला जमतंय तर ते का जमू नये?

मास्तरांनी ऐकायला दिलं ते अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांचं गाणं, आणि तेही जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांवरचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, संपलं. आता हे सगळं फोनवर सहज मिळतं, तबकडीची खरखर तेवढी राहिलेली असते. केसरबाईंचं नाव निघालं की लोक लगेच व्हॉयेजरची गोष्ट सांगतात: १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या त्या यानांवरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. गोष्ट खरी आहे, सांगण्यासारखीही आहे. पण गाणं कळण्यासाठी मला भैरवीपेक्षा त्यांचा ललत आणि नटकामोद जास्त उपयोगी पडले.

का, ते सांगतो. साडेतीन मिनिटांत पसरायला जागाच नाही. बंदिश एकदा मांडायची, थोडी आलापी, मग ताना, आणि दर आवर्तनाला मुखडा घेऊन समेवर यायचं. एरवी तासभर चालणारा नकाशा तिथं तळहाताएवढा करून दाखवलेला आहे. जुन्या ध्वनिमुद्रणात डग्गा जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळं खालीची माझी खूण निकामी. मुखड्याच्या भरवशावरच राहायचं. मी एकच तबकडी दिवसच्या दिवस ऐकली. घरात बायको म्हणाली, "त्या बाईंना जरा पाणी तरी पिऊ दे."

आणि एक दिवस, चहा ओतताना, हात चुकून समेवर आला. गाळणीच टेबलावर आपटली म्हणा ना. मी मोजत नव्हतो. तान वळणावळणानं वरून खाली येत होती, आणि मला आधीच कळलं की ती आता मुखड्यात शिरणार. शिरली. पुन्हा लावलं, पुन्हा कळलं. मग लक्षात यायला लागलं की केसरबाई समेवर येण्यासाठी घाई करतच नाहीत. तिय्ये घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून, 'आता बघा हं' असं सांगत नाहीत. तान अशा मात्रेवर सुरू होते आणि अशा बेतानं उलगडते की तिचा शेवट आणि मुखड्याचं पहिलं अक्षर यांच्यामध्ये बोट घालायला फट सापडू नये. स्वर सगळे 'आ'कारात, मोकळ्या गळ्यानं, सरगम नाही. मधला श्वास कुठं घेतात तेही कळत नाही. आधी मला वाटायचं, हे गाणं थांबत का नाही. थांबत नाही, कारण आवर्तन थांबत नाही.

त्यानंतर मन्सूरांकडं परत गेलो. त्यांच्या लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतात. केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांवर हात बसलेला असला की त्या वीस मिनिटांत मोकळं फिरता येतं. या घराण्यात मन्सूर आधी अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडं शिकले, ते १९३७ मध्ये गेल्यावर भुर्जीखाँकडं. आवाज केसरबाईंसारखा भरदार नाही, थोडा टोकदार, पण लयीची काय मजा! तान अर्धवट सोडून देतात, वाटतं आता घसरले, आणि तिथूनच दुसरी तान उचलून बरोबर समेच्या डोक्यावर. मी आजही त्यांच्याबरोबर हात धरायला बसतो तेव्हा चार आवर्तनांत एकदा तरी चकतो. मास्तर म्हणतात, त्यांच्यासमोर बसून तबला वाजवणारेही सावध असायचे, तुझं काय घेऊन बसलास.

रागांची नावं हा पुढचा डोंगर होता. जयपूरवाल्यांना जोडरागांची आणि अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांची भारी हौस: बसंती केदार, खोकर, बिहागडा, सावनी, रायसा कानडा, खट. मी सुरुवातीला वही घेऊन बसलो होतो, ती चार पानांत बंद केली. नाव पाठ करून राग ओळखता येत नाही. पण ओळखीच्या रागाशेजारी अनोळखी ठेवला की फरक आपोआप बोलतो. साध्या मालकंसात रिषभ आणि पंचम नसतात, हे नाट्यगीतावर वाढलेल्या माणसालाही माहीत असतं. संपूर्ण मालकंसात ते दोन्ही येतात. 'बरज रही' ही त्यातली बंदिश किशोरीताईंची ऐका. मालकंस ऐकतोय असं म्हणत असतानाच तो पंचम येतो, आणि आपण क्षणभर भांबावतो: हे चुकलं की काय? चुकलेलं नसतं. दोन-चार वेळा ऐकल्यावर तो पंचम कधी येईल याची वाट बघायला लागतो. इथं मात्र मी कबूल करीन की किशोरीताईंशिवाय मला हा राग इतका लवकर कळला नसता; मित्रांनी वाचावं, म्हणजे बोलणं सुरू करतील.

आता मैफलींचं. कान असा थोडा तयार झाल्यावर देवल क्लबात बैठकीला गेलो, तेव्हा प्रथमच मला गाण्याबरोबर श्रोतेही दिसले. पुढच्या रांगेत म्हातारी मंडळी बसतात, त्यांची बोटं सतत हलत असतात. पूर्वी मला तो शिष्टपणा वाटायचा, आम्हाला कळतं हे दाखवण्याचा. आता बघितलं तर त्यातला एक जण समेच्या अर्धी मात्रा आधीच डोळे मिटून घेत होता. गाणारी बाई तरुण होती, नाव अजून फारसं झालेलं नाही. तिनं त्या म्हाताऱ्याकडं बघत दोन आवर्तनं मुखडा टाळला, तिसऱ्याला असा दिला की सगळी पुढची रांग एकदम "अरे!" म्हणाली. हे तबकडीत कधीच मिळणार नाही. केसरबाईंच्या तबकडीवर समोर कुणीच बसलेलं नाही, फक्त यंत्र.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची गोष्ट निराळी. भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव. रमणबागेत रात्र रात्र जागवल्याच्या आठवणी आमच्याहून मोठी माणसं सांगतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकांवर निर्बंध आले आणि अख्ख्या मराठी मुलखातल्या मैफलींचं घड्याळच बदललं. याचा तोटा सगळ्यांत जास्त कुणाचा झाला असेल तर अपरात्रीच्या आणि पहाटेच्या रागांचा. दरबारी घाईनं नऊला गायला जातो. ललत तर पहाटेच्या मैफलीशिवाय प्रत्यक्ष ऐकायला मिळणं दुर्मीळ झालंय. मी तो आयुष्यात जास्तीत जास्त ऐकलाय तो वर्कशॉपमध्ये, दुपारी दीड वाजता, डब्यातली भाकरी मोडत. जाणकारांनी नाकं मुरडावीत. माझ्यापुढं दुसरा पर्याय नव्हता.

सवाईच्या मांडवात हजारो माणसं असतात, गायक पडद्यावर बघायचा, आवाज खांबावरच्या स्पीकरमधून. मला तिथं गायकीचे बारकावे सापडत नाहीत, पण थोड्या वेळात पाठोपाठ निरनिराळी घराणी ऐकायला मिळतात, आणि तुलना करायला तसली जागा दुसरी नाही. किराण्याच्या गायकानंतर लगेच जयपूरचा गायक बसला की माझ्यासारख्याला हातावरचा ताल बदलल्यासारखा वाटतो. ताल तोच असतो, वापर वेगळा. मागच्या खेपेला मी असाच तल्लीन होऊन मांडीवर ताल देत होतो. शेजारच्या काकू थर्मासमधला चहा ओतता ओतता म्हणाल्या, "अहो, जरा हळू. तबलजी आहेत तिकडं, पैसे घेऊन आलेत." तेव्हापासून मी फक्त बोटांच्या पेरांवर मोजतो.

नव्यानं ऐकू पाहणाऱ्याला मी काय सांगेन? घरी केसरबाई, एकच तबकडी, कंटाळा येईपर्यंत आणि मग कंटाळा जाईपर्यंत. नंतर मन्सूर. त्यानंतर किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर, कारण लयीचा हिशेब त्यांच्याइतका चोख दुसऱ्या कुणाचा मला ऐकायला मिळालेला नाही. किशोरीताई सगळ्यांत शेवटी, म्हणजे त्यांनी काय मोडलं आणि काय नवं उभं केलं ते दिसतं. आणि वर्षातून एकदा तरी पन्नास-शंभर माणसांच्या बैठकीत, गायकाच्या हाताच्या अंतरावर. माझे मित्र हा क्रम उलटा लावतात. त्यांचंही गाणं काही अडलेलं नाही.

माझं सध्या अडलंय ते रूपकापाशी. सात मात्रांचा ताल, तीन-दोन-दोन. तीनतालात मी खाली म्हणजे समेची तयारी असं घोकून घोकून अंगात भिनवलं, आणि रूपकात समेवरच खाली येते! डग्ग्याचा घुमारा गेला की बोटं सवयीनं पुढची सम शोधायला लागतात, तोवर सम होऊन गेलेली असते. गेल्या आठवड्यात मास्तरांना फोन करून हे सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "शनिवारी ये. येताना तो ॲप बंद करून ये."